पार्सल चढलं झाडावर

...आणि वर कानांना झाकणं! म्हणजे हेल्मेट झालं, तोंडापुढे जाळी झाली, हातमोजे झाले, करवत घसरली तरी पाय वाचावा म्हणून ती गादीसारखी जाडजूड विजार झाली, कमरेला पट्टे, पट्ट्यांना दोर, पायात हे धोंड्यासारखे बूट... कान तेवढे उरले होते, तेही झाकले! तुम्हाला सांगतो, चांगला माणूस होतो हो मी, पार्सल करून टाकलं माझं!

अहो, आमच्याकडे झाडावर चढायला काय लागायचं? झाड! बस्स! चप्पल बुंध्याशी काढायची आणि सरसर वर. वडील म्हणायचे, "अरे, जे आपल्याला अंगाखांद्यावर घेतं, त्याला चपलेनं तुडवतोस होय रे?"

आणि इथला, परदेशातला, झाडं छाटायच्या कंपनीचा साहेब? "पूर्ण पोशाख नाही, तर झाड नाही! झाड नाही, तर नोकरी नाही!" आणि नोकरी नाही, तर या देशात राहणं नाही! पोरीला आत्ता कुठे शाळेत मैत्रीण मिळालीय, आणि मी झाडावर चढायच्या परीक्षेत नापास झालो की तिघांनी बोचकी बांधायची!

परीक्षेला साहेबानं एकेक पट्टा ओढून पाहिला. "छान!" मग तो वळला वरची फांदी बघायला, मी आलो बुंध्याशी... आता मला सांगा, बुंध्याशी आल्यावर काय करायचं हे हातांना सांगावं लागतं का? काढले बूट! जोडीनं नीट ठेवले, मोजे आत खोचून! आणि गेलो की वर!

खाली बघतो तर साहेब नाचतोय! हात काय हलवतोय, तोंड काय उघडतोय! म्हटलं, वा, खूश झाला गडी! मीही हात हलवला. त्यानं माझे बूट उचलून दाखवले. मी वरून ओरडलो, "असू द्या, असू द्या, तिथंच ठेवा!" त्याचं मला ऐकू काय येणार, कपाळ? पार्सल ना मी! मग सहज पायांकडे लक्ष गेलं... दहाच्या दहा बोटं माझ्याकडे बघतायत!

नापास! आता एकच संधी.

बायको म्हणाली, "बारा वर्षं घसा फोडतेय, घरात येताना बूट काढा, बूट काढा! तेव्हा नाही काढलेत, आणि झाडापाशी काढता?" दुसऱ्या परीक्षेला निघालो तर तिनंच खाली बसून नाड्यांना गाठींवर गाठी मारल्या. मी म्हटलं, "अगं, पार्सल केलंस की माझं!" तर मान वर न करताच म्हणते, "असू दे. तिकडे गावी तुम्ही झाडावर असलात की माझा घास गिळत नव्हता. पार्सल तरी पार्सल, अख्खं परत येतं ना!"

डोळ्यांत पाणी आलं, तर पुसायला गेलो... जाळी!

आणि आज पास! पास झालो हो! कपडे बदलायचंही सुचेना, तसाच धावत घरी, दार ढकलून आत, एक गिरकी मारली! बायको समोर, हात हलवतेय, तोंड उघडतेय... म्हटलं, वा, खूश झाली! मीही हात हलवला.

फरशी आत्ताच पुसली होती तिनं.

म्हणून बसलोय इथं, पायरीवर. बूट निघाल्याशिवाय आत यायचं नाही म्हणते, आणि गाठी तिच्याच, सुटता सुटत नाहीत! हेल्मेट काढलं, हातमोजे काढले... कानांची झाकणं मात्र सरकवतो जरा नि परत लावतो.

आत अजून चालूच आहे!