सोळा-सतराचा पाना अन् माझे कान

माझं माहेर भिवापूरकडचं, मिरचीच्या खळ्यातच जलमली समजा, म्हनून माझी जीभ तिखट हाय असं आमचे हे म्हनतेत, म्हनू द्या, हे पन काही गुळाचे नाहीत. हे तवा शहरातल्या जरीपटक्याहून ट्रक घेऊन आमच्या गावी मिरचीची बोरी भराले येत, तिथंच पाहनं झालं, लग्न झालं, अन् सासरी निघाली तेबी त्याच ट्रकात. काय सांगू तुमाले, उमरेडच्या अलीकडं गाडी बंद! आमच्यात लग्नात पांढरं घालतेत, हेबी पांढऱ्यात, मीबी पांढऱ्यात, अन् नवरदेव सरळ गाडीखाली घुसला. खालून हाक आली, वं, सोळा-सतराचा पाना दे. लोकायचे नवरे पह्यली हाक लाडानं मारतेत, आमच्यायनं पाना मांगतला. मले काय समजते पाना, मी हातोडी देल्ली. तं असे हासले गाडीखालून, का मले राग आला अन् मीच वाकून पेटीतला एकेक पाना पाहत बसली, त्यावर आकडे राहतेत ते तवा समजलं.

ट्रक सासऱ्यायनं सेकंडहँड घेतला होता, म्हनजे माझ्या राहुलपेक्षा तो म्हातारा, राहुल माझा लेक. पन दरसाल पासिंग होते बरं, अजून पास हाय, खोटं नाही सांगत. दारासमोर कडूलिंबाखाली उभा राहते, अन् त्याच्या अंगाले दुसऱ्या मिस्तरीचा हात लागला नाही. मोठं काम असन तं हे सामान आनतेत, पन खोलाचं-लावाचं सगळं घरी. आतलं रबर झिजलं का जुन्या टायरचं कापून बसवतेत, सीट फाटली तं माझ्या गोधड्या गेल्या. एकदा भरल्या गाडीची डिझेलची टाकी गळाले लागली, तं यायनं माझ्या पिशवीतला कपड्याचा साबन काढला अन् चिरेवर घासला घासला, तिथंच गळनं बंद, घरापर्यंत आलो. मी म्हनलं, अवो, माझ्या लुगड्यापरीस तुमच्या गाडीनंच साबन जास्त खाल्ला. लोक गाडीले लिंबू-मिरची टांगतेत, आमाले कोनी म्हनलं तं मी म्हनते, बाप्पा, अख्खे बोरे भरून मिरची वाहते आमची गाडी, आनखी काय टांगू तिले? नजर लावनाराच शिंकत पळन.

अन् कान! यायचा कान म्हनजे काय सांगू. लाकडी मुठीचा लांब पेचकस हाय, स्क्रू पिळाचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवाचं अन् मूठ कानाले लावाची, डाक्टर छातीले नळी लावते तसं. जिथं टेकवलं तिथंच आवाज मोठा आला का समजाचं दुखनं इथं हाय. आजूबाजूचे ड्रायव्हर आपली गाडी घेऊन येत, म्हनत, काका, जरा ऐकून देता का. हे डोळे मिटून ऐकत, मंग बोट ठेवत, हे खोल. खोललं का तेच निघे. मले अभिमान वाटे, आता तोंडावर कधी म्हनलं नाही, डोक्यावर बसतीन.

राहुल शहराच्या दुसऱ्या टोकाले, बेस्याले राहते, फ्लॅट घेतला त्यानं, चांगला हाय पोट्टा, मायाबापाची काळजी करते. पन काळजी करनारं मानूस डोकं खाते. म्हनते, बाबा, हे लोखंड आता भंगारात द्या, या वयात गाडीखाली कायले झोपता. हेबी तावात आले, म्हनले, ज्या खेपेले गाडी रस्त्यात बंद पडन, त्या दिवशी तूच भंगारवाल्याले आन, मी किल्ली देतो. मी म्हनलं, अवो, अशी जबान काहून देता. पन यायची जबान म्हनजे जबान, तोंडातून गेली का गेली.

अन् यंदा मिरचीच्या सिझनची पह्यली खेप होती. सकाळी यायनं इंजिनाचं झाकन खोलून टापेट, म्हनजे आत खालीवर हालतेत त्याचे नट, टाइट केले, झाकन लावलं, गाडी चालू केली, अन् कंबरेवर हात ठेवून म्हनले, पाह्य वं, कशी बोलून राहिली, पानी वाहल्यावानी, आवाजच नाही! मी ओट्यावर चहा गाळून राहिली होती. मले तं साफ ऐकू येऊन राहिलं होतं, टक टक टक टक. मी म्हनलं, अवो, टकटक येऊन राहिली. म्हनले, कुठी? पेचकस लावून ऐकलं. म्हनले, तुले भास होते. अन् मंग मले उमजलं, बाप्पा. हाक मारली तं वळत नव्हते, टीव्ही मोठा ठेवत, मी समजे माझ्यावर रुसले. गाडीचा आवाज नव्हता गेला, यायचा कान गेला होता. खरं सांगते, रडूच आलं. सांगू तं मानूस खचन, न सांगू तं टापेट ढिलं, आतली सळई वाकन, गाडी रस्त्यात बंद, अन् जबान तं देऊन बसलेले.

मंग मी पदर खोचला, पेचकस यायच्या हातून घेतला, टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ माझ्या कानाले लावली. हे म्हनले, हे काय वं? मी यायच्या पाठीवर बोट ठेवलं अन् जसं ऐकू येई तसं वाजवाले लागली. एका जागी हळू. दुसऱ्या जागी हळू. तिसऱ्या जागी टेकवला तं एवढ्या जोरानं वाजवलं का यायची पाठ हालली.   मंग म्हनले, पुन्हा वाजव. पुन्हा वाजवलं. डोळे मिटले यायनं, जसे आधी मिटत तसेच, अन् म्हनले, तिसरं हाय, नट कसाचा राहिला माझा. गाडी बंद करून खोललं, तं खरंच तिसरंच! नट कसला, चालू केली, मी कान लावला, बोट फिरवलं हळू हळू, सगळीकडं सारखं. हे म्हनले, आता बरी हाय. मंग म्हनले, कधीपासून वं? मी म्हनलं, गाडीले विचारा, मले काय विचारता. तं हासले, पन डोळे भरले होते, अन् माझेबी.

खेप गेली, आली, कुठी थांबली नाही. पन त्या दिवशी स्टेअरिंगवर हे बसले नाहीत. स्वतःच म्हनले, मागचा हार्न ऐकू येत नाही त्यानं गाडी चालवू नये, लोकायचे लेकरं हायेत रस्त्यावर. शेजारच्या गजाननले किल्ली देल्ली, हे बाजूच्या सीटवर बसले. एवढं मोठं मन कोनाचं राहते सांगा. राहुलले सगळं सांगितलं. कानाचं मशिन आनून देल्लं त्यानं, हे लावतेत, घरात लावतेत, इंजिनापाशी काढून ठेवतेत, म्हनतेत त्यात नुसता कलकलाट. भंगाराचं नाव तेव्हापासून घेतलं नाही पोट्ट्यानं.

आता असं हाय, सकाळी हे झाकन खोलतेत, मी भाजी चिरत बसली राहते. आधी हाक येई, वं, सोळा-सतरा आन. आता पाना आपल्या हातानं घेतेत अन् म्हनतेत, वं, कान आन. मी हात पुसते अन् जाते. चालू द्या बाप्पा असंच, गाडी, हे, अन् मी, तिघायत कोनीच आधी थकू नये.