चार दिवस दाताचं नाव नाही

—नाही, नाही, बोलू नका, जिभेखाली कापूस आहे, घशात जाईल. नुसते डोळे फिरवले तरी कळतं मला, पंचवीस वर्षं हेच करतोय. सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडा कसा, हेच विचारायचंय ना? सांगतो. इंजेक्शन चढायला दहा मिनिटं लागतील, ओठ जड झाला की बोट वर करा. जोडून चार दिवस सुट्टी, अख्खं शहर गाड्या काढून बाहेर पडलंय, खालचा वाणीसुद्धा कुलूप लावून गेला, आणि हा दाताचा डॉक्टर इथे काय दिवे लावतोय — तर डॉक्टरची बायको गेलीय सुट्टीवर. डॉक्टर नाही गेला. भांडण वगैरे काही नाही हं, उगाच भुवया वर करू नका.

मागच्या वर्षीची गोष्ट. अशीच जोडून सुट्टी आलेली. बायकोनं चार महिने आधी सांगून ठेवलं होतं — झाडं हवीत, पक्षी हवेत, माणसं नकोत, आणि चार दिवस दाताचं नाव काढायचं नाही. तिचंही बरोबर आहे. कुणाच्या लग्नाला गेलो तरी माझं लक्ष नवरा-नवरीकडे नसतं, नवरदेवाच्या सुळ्यांकडे असतं. खोली ठरवायचं काम माझ्याकडे. दर आठवड्याला ती विचारायची, ठरवलंस का, आणि मी म्हणायचो, झालं. झालं म्हणजे होईल या अर्थानं — तुम्ही नाही का मघाशी म्हणालात, दिवसातून दोनदा दात घासतो, तसंच. शेवटी दहा दिवस उरले तेव्हा फोन लावायला बसलो. तळ्याकाठचं भरलेलं, डोंगरावरचं भरलेलं, एके ठिकाणी म्हणाले तंबू आहे, पण त्यात आधीच एक कुटुंब आहे, तुमची हरकत नसेल तर त्यांना विचारतो. जिथे माणूस नको तिथे जायला माणसांची ही झुंबड. अठराव्या फोनला एक आजोबा सापडले. जंगलाच्या कडेला घर, दोन-तीन खोल्या भाड्यानं देतात. तोंडात घास धरून बोलावं तसं बोलत होते. एवढं कळलं की खोली आहे, पण दुपारी बारापर्यंत पोचा, नाहीतर दुसऱ्याला देऊन टाकीन.

बारा म्हणे. पहाटे निघालो होतो, तरी नऊ वाजले तेव्हा आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी अजून मागच्या काचेतून दिसत होती. पुढे गाडी, मागे गाडी, लोक खाली उतरून एकमेकांच्या ओळखी करून घेत होते. बायको म्हणाली, फोन करून कळवूया का, उशीर होईल म्हणून. मी म्हटलं कशाला, चार महिन्यांपूर्वी ठरवलंय, पक्कं आहे — हं, डोळे मिटलेत ना तुम्हीसुद्धा?

पोचलो तेव्हा पाच वाजले होते. आजोबा ओट्यावर गालाला फडकं बांधून बसलेले. खोली दिली म्हणाले, दोन कुटुंबांना मिळून दिली. आणि वर — त्या माणसाला आडपडदा माहीतच नाही — वर म्हणाले, दहा दिवसांपूर्वी तुमचा फोन आला तेव्हाच सांगितलं होतं, बारा म्हणजे बारा. दहा दिवसांपूर्वी. बायकोनं माझ्याकडे बघितलं. जाऊन गाडीत बसली आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी तिथेच उभा. आता उभ्या उभ्या करणार काय, तर माझं लक्ष गेलं आजोबांच्या गालाकडे. सूज पार जबड्याखाली उतरलेली — खालची शेवटची दाढ, फाटकातूनच सांगितलं असतं. जवळचा दवाखाना तीन तासांवर, म्हणजे त्या दिवसांत तीन दिवसांवर. आणि अवजारांची बॅग घ्यायची नाही असं मी कबूल केलेलं, आणि बॅग होती डिकीत, स्टेपनीखाली, चादरीत गुंडाळून. नुसती जवळ असावी म्हणून हो, उघडणार नव्हतो — हसू नका, कापूस हलतो. गाडीच्या काचेवर टकटक केली. एक खोटं उघडं पडलंच होतं, दुसरं मी आपणहून काढून दाखवलं. ती उतरली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "बॅटरी मी धरते. तू पाणी उकळायला सांग."

दवाखाना नवा होता ना, तेव्हा मदतनीस ठेवायची ऐपत नव्हती. पाच वर्षं ती उभी राहिलीय या खुर्चीशेजारी. मी मागायच्या आत चिमटा हातात. अजूनही तसंच, ते त्या ओट्यावर कळलं. वीस मिनिटांत दाढ बाहेर. आजोबांनी स्वतःची खोली आम्हाला दिली.

इथवर गोष्ट चांगली आहे. पण बाकीच्या पाहुण्यांनी हे सगळं बघितलं होतं. सकाळी ओट्यावर रांग — कुणाची चांदी निघाली, कुणाची दाढ ठणकते, एकाला तर काही झालेलंच नव्हतं, म्हणाला आलोच आहे तर बघून घ्या. नाही म्हणता येत नाही मला. म्हणजे, खरं सांगू का, नाही म्हणायचंच नव्हतं. जंगल मला दिसलं ते लोकांच्या डोक्यांवरून. बायको रोज पहाटे आजोबांच्या घरच्या आजींबरोबर जंगलात जायची, उन्हं वर आली की परत, पायांना चिखल, केसांत काड्या, आणि काय काय बघितलं ते सांगायची नाही. मी विचारलं नव्हतं ना. निघताना आजींना म्हणाली, पुढच्या वर्षी मी येईन. मी, म्हणाली. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात आलं असेल.

कसला ओघ. या वर्षी खोली तिनंच ठरवली, आठ महिने आधी, एकटीची. परवा बसनं गेली. मी म्हटलं जा, मला दवाखाना आहे. डब्यांवर चिठ्ठ्या लावून गेलीय, हे आधी खा, हे नंतर खा — झाला जड? छान. आ करा. अजून मोठा. कीड वरवरचीच दिसतेय, घाबरू नका. आज सकाळी फोन आला तिचा. बाजूच्या खोलीतले लोक आलेच नाहीत म्हणाली, रस्त्यात अडकले असतील, खोली रिकामीच आहे. आजी विचारत होत्या, डॉक्टर येतात का. मी म्हटलं कसा येणार, इथे पेशंट आहेत. ती म्हणाली, बरं. झालं, एवढंच बोलणं. आता आजींना मी कशाला हवा असेन तुम्ही सांगा, आजींची तर कवळी आहे, वर-खाली दोन्ही, एकदम झकास बसलेली, त्यांना डॉक्टर —

जरा थांबा.

पेशंट आहेत म्हटलं मी तिला. परवा कुणी नाही, काल कुणी नाही, आज तुम्ही.

नाही, नाही, तुमचं काही बिघडलेलं नाही, आ तसाच राहू दे. तात्पुरतं भरतो, पंधरा दिवस सहज निघतील. चावा. पुन्हा चावा. चूळ भरा. दोन तास त्या बाजूनं काही खाऊ नका, बाकीचं सुट्टी संपल्यावर बघू. गर्दी? असेल की, असू दे. अहो पैशांचं नंतर — उठा, तो गळ्यातला टॉवेल काढा, मला दिवा बंद करायचाय.