यादीची पहिली ओळ

न्हाई, तुमी हसा, खुशाल हसा, पण आधी मला एवढं सांगा, मोजायला शून्यापासून कोण सुरुवात करतं? दावणीची जनावरं मोजताना पैल्या गाईवर बोट ठिवून तुमी शून्य म्हणता का? घरात पैलं पोरगं झालं तर गावाला पेढे वाटत सांगता का, की शून्यावं झालं म्हून? आमच्या सात पिढ्यांत असं कुणी मोजलं न्हाई, अन् हे कुणाला इचारावं तर वरून उत्तर काय येतंय, एकदम शुद्ध भाषेत, 'हा अगदी बेसिक प्रश्न आहे.'

आसंल हो, बेसिक आसंल. पण त्या बेसिक सवालापायी आमच्या गावातलं एक माणूस गेलं. मेलं न्हाई... गाव सोडून गेलं. अन् ते माझ्या हातानं गेलं, म्हून तर तुमाला असं धरून बसवलंय.

मी पंडित. दिंद्रुडच्या अलीकडं आमचं गाव, गावात दूधवाल्यांची सहकारी संस्था, अन् बावीस वर्षं झाली मी तिचा सचिव. एकोणीस सालचा उन्हाळा आठवतो का? विहिरीत वाकून बघितलं तर खालची बादली कुणाची, हे वरून वळखू यायचं, इतक्या विहिरी कोरड्या. तर संस्थेनं ठराव केला, की माजलगावच्या कालव्याच्या पट्ट्यातून उसाचे वाढे, म्हंजे शेंड्याचा हिरवा पाला, टेम्पोनं आणायचा अन् सभासदांना दर तिसऱ्या दिवशी वाटायचा, ज्याची जितकी जनावरं तितका. झालं. वाटप म्हणलं की यादी आली, अन् यादी म्हणलं की भांडण आलं. पंडितनं भावकी वर घातली, पंडितनं आमचं वासरू मोजलं न्हाई, पंडितच्या मेव्हण्याला वजनात झुकतं माप... लोकांनी नुसता जीव खाल्ला. शेवटी चेअरमन सुंदरराव म्हणले, "पंडित, यादी कंप्युटरवर कर बे. मशीनीला भावकी नसती."

आता कंप्युटर आमच्या हापिसात होता, न्हाई असं न्हाई. दसऱ्याला त्याला हळदीकुंकू लागायचं अन् बाकी वर्षभर त्याच्यावर टॉवेल. त्याच्यावर नुसती यादी टायपून काढली असती तरी भागलं असतं, हे मी आता म्हणतो! तवा मला हौस. मला वाटलं, आपण प्रोग्रामच लिवावा. जनावरं किती ते टाकायचं अन् चारा किती किलो ते आपोआप निघायचं, नावासकट. भाषेचं नाव पायथन, म्हंजे अजगर. आमच्या मंडळींना, विमलबाईंना सांगितलं तर त्या भाकरी थापता थापता म्हणल्या, की वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसानं माणसांशी नीट बोलायला शिकावं, अजगराशी नंतर. तवा मी हसलो. त्या बाईचं म्या वेळेवर ऐकलं असं आजवर झालेलं न्हाई.

मग फोनवर एक गट सापडला, 'पायथन, नवशिक्यांसाठी मदत'. सातशे माणसं त्याच्यात, अन् सगळी माझ्यावाणी आंधळी, एक ॲडमिन सोडून. ह्या ॲडमिनला मी आजवर बघितलं न्हाई. पुण्याचा आसंल, न्हाई तर अमेरिकेचा आसंल, पण माणूस अर्ध्या तासात उत्तर द्यायचा म्हंजे द्यायचा. मी पैल्या दिवशी मशीनीच्या पडद्याचा फोटोच काढून पाठवला. उत्तर आलं, 'फोटो पाठवू नका, कोड लिहून पाठवा, फोटोत तुमचं डोकं चमकतंय.' दुसऱ्या दिवशी मशीन म्हणायली चौदाव्या ओळीत चूक, मी चौदावी ओळ धा बारी पुसून धा बारी लिवली, अन् चूक निघाली तेराव्या ओळीत, कंस उघडा राहिलेला. म्हंजे चोरी तेराव्या घरात अन् पोलीस चौदाव्याच्या दारात! मी इचारलं, साहेब, असं कावून? 'हा अगदी बेसिक प्रश्न आहे.' मग एकदा ओळ चार बोटं आत घ्यायची राहिली, तर सगळा प्रोग्राम आडवा. साहेब, असं कावून? 'हा अगदी बेसिक प्रश्न आहे. स्वतः काय प्रयत्न केलेत ते आधी लिहा.' मी लिवलं, लई प्रयत्न केले, दोन दिस धड जेवलो न्हाई.

पण तुमाला खरं सांगतो, मला त्याची गोडी लागली. बावीस वर्षं सगळं गाव मलाच इचारायचं, सचिव, हे कसं, सचिव, ते कसं. पैल्यांदाच मला कुणाला तरी इचारायला मिळायलं होतं. दिसाला धा-धा सवाल टाकायचो. इचारायची सवयच लागली. तीही सगळी त्या गटावरच.

आता मेन गोष्टीवर येतो, म्हंजे यादीवर. आमच्या संस्थेची एक रीत हाय. कुठलीबी यादी आसू द्या, पैल्या ओळीत 'श्री' लिवायचं. ती ओळ देवाची. अन् दुसऱ्या ओळीत, म्हंजे माणसांत पैली, साखराबाई. ही साखराबाई वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या सासऱ्यानं आपली विहीर गावाला मोकळी केलती, अन् ही तवा नवी नवरी, हळदीच्या अंगानं दिवसभर रहाट वढून अख्ख्या गावाच्या घागरी भरायची. तवापासून मान तिचा. आता सासरा गेला, नवरा म्हाळू गेला, मेंढरं गेली, विहीर आटली. उरली एक तांबडी गाय, तीबी भाकड, अन् यादीतली ती दुसरी ओळ.

म्या आपल्या रीतीनं फायलीत पैल्या ओळीत श्री लिवला, खाली चौऱ्याऐंशी सभासद, अन् प्रोग्रामला सांगितलं, एकपासून मोज. माणूस एकपासूनच मोजतो ना? यादी छापून आली, चौऱ्याऐंशी नावं बरोबर, वर साखराबाई, चाऱ्याचे किलोबी बरोबर. फकस्त श्री छापला न्हाई. दोन वाटपं झाली अशी. मी वर लाल पेनानं श्री लिवायचो अन् भिंतीवर चिटकवायचो. पण मनाला खुटखुट लागली, की मशीन देवाचं नाव कावून घेत न्हाई? गटावर टाकलं. 'हा अगदी बेसिक प्रश्न आहे. फाइल पाठवा.' पाठवली. 'ही पहिली ओळ कशासाठी आहे? हा डेटा नाही. काढून टाका.'

आता त्या बिचाऱ्याची काय चूक? त्याला फायलीत बघून वाटलं, काही तरी फालतू ओळ राहिली. त्यानं ती काढायला सांगितली, म्या काढली. मोजणी कुठून चालू होती ते त्यानं इचारलं न्हाई, अन् म्या सांगितलं न्हाई, कारण मशीन पैल्या ओळीलाच शून्य नंबर देते हे मला ठाऊकच नव्हतं. आजवर शून्यावर देव बसला होता म्हून सगळं नीट चाललं होतं हो. देव उठला, अन् त्याच्या जागी साखराबाई जाऊन बसली, अन् मशीन आपली म्या सांगितल्यापरमाणं मोजायली एकपासून, तिला सोडून.

तुमी म्हणाल, पंडित, तू नावं मोजली न्हाईस? मोजली की, वाचली न्हाईत. मोजली तर त्र्याऐंशी आली. मी मान हलवली, म्हणलं बरोबर, एक कमी आलंच पायजे, श्री काढला न्हाई का आपण... अहो, श्री आधी तरी कुठं छापून यायचा? हे डोक्यात शिरायला मला बारा दिस लागले.

पैल्या दिवशी साखराबाई आली. बगलेत दोरी, डोक्याला पदर. तिला वाचता येत न्हाई, म्हून तिनं वजनकाट्यावरच्या धोंडीरामला इचारलं, तर धोंडीरामनं वरपासून खालपर्यंत यादी वाचली अन् सांगितलं, की आजी, तुमचं नाव न्हाई. दुसरी कुणी असती तर तिनं हापिसाचं दार मोडलं असतं. हिनं दोरीचं वेटोळं केलं अन् ही निघून गेली. का, तर त्याच्या आठ दिस आधी मासिक बैठकीत सुंदरराव बोलून गेलते, की भाकड जनावरांना चारा घालून संस्थेला काय मिळतंय. ठराव न्हाई, काही न्हाई, नुसतं बोलणं. पण ही मागं दाराजवळ बसून ऐकत होती. तिला वाटलं, झाला निकाल. गावानं काढलं आपल्याला.

अन् तवा मी कुठं होतो? आत. दार उघडं, मधात चार पावलांचं अंतर. मी ॲडमिनला इचारायलो होतो, की साहेब, यादीवर तारीख उजव्या हाताला कशी छापावी.

चार वाटपं गेली. त्र्याऐंशी माणसं येत होती, आपापलं नाव बघत होती, आपापला भारा उचलत होती. बारा दिसांनी मी ऐटीत सुंदररावांना सांगितलं, की आता मशीनीत फालतू ओळ एकबी न्हाई, श्रीसुद्धा काढला. ते चमकले, हातातला चहा खाली ठिवला अन् म्हणले, "मशीनीतून देव काढलास बे? आधी परत घाल."

घातला. यादी छापली. धोंडीराम वरून वाचायला लागला अन् पैलंच नाव निघालं, साखराबाई म्हाळू, जनावर एक, चारा बारा किलो. धोंडीराम म्हणला, चार खेपा हे नाव नव्हतं, अन् बाहीर ओरडाच झाला, आजीचं नाव आलं, देव आला अन् आजीला घेऊन आला! सुंदररावांनी तिथंच नारळ फोडला. सगळे हात जोडून मशीनीकडं बघायले अन् म्या मागल्या चार याद्या काढून वाचल्या, एकीतबी आजी न्हाई. गटावर लिवलं, साहेब, वर एक ओळ घातली की खालचं नाव परत येतंय, असं कावून? 'हा अगदी बेसिक प्रश्न आहे. मोजणी शून्यापासून असते. हा आधीच विचारून झालाय.'

आधीच इचारून झालाय... वस्तीवर गेलो तर दाराला कडी. शेजारच्या रतनबाईनं सांगितलं, म्हातारी गाय घेऊन चालत गेली, माजलगावच्या पलीकडं लेकीच्या घरी, आठ दिस झाले. आता लेकीच्या घरचा घास आपल्याकडल्या म्हाताऱ्या बाईला कसा लागतो, ते मी तुमाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली अन् गेलो. ती ओसरीवर पार कडेला बसलेली, गाय बाहीर लिंबाखाली. मला बघितल्यावर म्हणली, सचिव आले, च्या टाका, अन् लगीच विहीणबाईच्या तोंडाकडं बघितलं, की टाकतात का न्हाई. वस्तीवर ही बाई कुणाला न इचारता चुलीवर आधण ठिवायची. तो च्या मला काही गोड लागला न्हाई.

मी सगळं सांगितलं. अंगणातले पाच खडे घेतले, तिच्यापुढं मांडले, हा शून्य, हा एक, हा दोन. मशीन इथून मोजते, मी तिथून मोजायला लावलं. गावानं न्हाई काढलं आजी तुमाला, म्या काढलं, अन् तेबी अडाणीपणानं. तिनं ध्यान देऊन ऐकलं. मग पैला खडा उचलून हातात घेतला.

"बरं, मशीनीचं समजलं," ती म्हणली. "एका खेपंला चुकलं म्हणू. पण बारा दिस मी आले न्हाई. त्र्याऐंशी घरांत एकानं तरी इचारायचं, म्हातारी कावून आली न्हाई?"

दोन महिन्यांत म्या तीनशेच्या वर सवाल टाकले असतील, कुठल्या कुठं बसलेल्या माणसाला. कंस कुठं, तारीख कुठं, शून्य कावून, एक कावून. अन् हापिसापासून वस्ती दोनशे पावलं. चला म्हणलं, आजी, मी टेम्पो आणतो गाईसाठी. ती म्हणली, ऱ्हाऊ द्या, गाय इथं रुळली. स्वतःचं काही म्हणली न्हाई.

तिचा सवाल म्या तसाच्या तसा गटावर टाकला. 'हा प्रश्न गटाच्या विषयात बसत नाही.' बरोबर हाय त्याचं. पुढच्या साली पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, तरी ती आली न्हाई. प्रोग्राम म्या बंद केला. आता यादी हातानंच लिवतो. पैल्या ओळीत श्री, दुसऱ्या ओळीत साखराबाई म्हाळू, अन् तिच्यापुढं दर बारीला, गैरहजर. सुंदरराव म्हणतात, बे पंडित, जे माणूस गावात ऱ्हात न्हाई त्याची ओळ कशाला ठिवतोस, काढून टाक की. आता एक ओळ कशी काढायची, हा अगदी बेसिक प्रश्न हाय हो... उत्तर येतंय मला. काढत न्हाई.