हॉस्टेलची भिंत

निवृत्त कुलगुरू नाथाजीराव सांगलीच्या स्टँडवर मफलर गुंडाळून बसले होते. शेजारच्या बाकावर दोघी त्यांच्याबद्दलच बोलत होत्या.

"त्या कुलगुरूनं पाच वर्सं खुर्ची सोडली न्हाई, आक्काताई. केलं काय पर?"

"आमच्या मायाला भिंतीवर पकडलं त्यांनी. अभ्यासिकेतनं यायला उशीर झालता, हॉस्टेलचं गेट बंद."

"मग काढलं व्हय पोरीला?"

"न्हाई गं. दुसऱ्याच दिवशी भिंतीला दोन्हीकडनं पायऱ्या बांधून दिल्या."

"आगं बया! त्यापरीस गेटच उघडं ठेवायचं की."

"गेटाचा नियम त्यांनीच केलता. मग मोडायचा कसा?"

नाथाजीरावांना ठसका लागला.

"काय वं बाबा, वळखता व्हय त्यास्नी?"

"ऐकून हाय. लय हट्टी म्हातारा."