ढकलून बघितलेली गाडी

महेबूब : जळबामामा, गाडी हाय ती, बैल न्हाई. मागून काहून ढकलून राहिले?

जळबा : तू गप ऱ्हा जरा. त्या लिंबापर्यंत नेऊन बघतो.

महेबूब : लोक येतात, टाकीत डोकावतात, लिटरला किती चालते विचारतात, एक किक मारून आवाज ऐकतात. बंद गाडी ढकलणारं गिराईक या महेबूब मिस्त्रीनं आजच पाहिलं! ओ पुंजाजीभाऊ, सांगा की तुमच्या वडलाला.

पुंजाजी : आबा, ठेवा आता. घाम फुटला तुमाला. सगळं वसमत बघून राहिलं.

जळबा : बघू दे. त्यायच्या बापाचं काय जातं? ही जावा जड लागली मला. अन् ती कोपऱ्यातली?

महेबूब : ती बुलेट. तिचं नाव बी घेऊ नका. ती ठेकेदार लोकांची. पेट्रोल पिते पानी जैसा. तुमचं पोरगं गुरांच्या दवाखान्यात. कच्चा रस्ता, मागं औषधाचा डबा, कधी मामी बसणार. तुमाला ही राजदूत. मधल्या माणसाची मधली गाडी, भाव बी मधला. जिनिंगच्या मुकादमानं वापरली, एकच हात फिरला.

जळबा : ढकलायला कशी हाय?

महेबूब : पुन्हा तेच! मामा, ती चालते. इंजन हाय तिच्यात. त्याचेच पैसे घेतो म्या.

जळबा : चालती तवा चालती. बंद असल्यावर किती जड लागती ते सांग.

महेबूब : या अल्ला! भाऊ, तुमचे वडील पयल्यापासून असेच का? माझ्या अब्बाच्या टायमाला बी यायनी असंच केलं होतं. आमच्या दुकानातून सायकल नेली, कोरी करकरीत, अन् चार दिवसांत वापस. अब्बा जाईपर्यंत म्हणत होते, इतनी अच्छी सायकल, जळबा वापस क्यूं लाया? म्हणून आत्ताच सांगतो, गाडी वापस घेणार न्हाई.

पुंजाजी : सायकल? आबा, आपल्या घरी सायकल कधी होती?

जळबा : व्हती. तू पोटात व्हतास तवा. जाऊ दे तो विषय. राजदूतची दांडी धर, ढकलून बघू.

पुंजाजी : थांबा. आधी माझ्याकडं बघा. तुमी हे वेशीसाठी करून राहिले ना?

जळबा : मंग? बसून नेणार व्हतास का वेशीतून?

पुंजाजी : व्हय. बसूनच नेणार.

जळबा : ऐक, महेबूब! पगार सुरू झाल्यापासून ह्याचं टाळकं फिरलं बघ.

महेबूब : मला तर कायच समजून न्हाई राहिलं. कोणती वेस? काय भानगड हाय?

पुंजाजी : आमच्या गावात वेशीपासून पाटलाच्या ओट्यापर्यंत आमच्यापैकी कोणी बसून जात नाही, मिस्त्री. गाडीबैलात असला तर उतरायचं. नवरदेव असला तरी उतरायचं. अन् हे म्हणतात मोटारसायकल पण हातात धरून न्यायची. म्हणून हलकी शोधून राहिले.

महेबूब : अन् कायदा?

जळबा : कायदा एष्टीनं येतो, बाबा. आमच्या गावाला एष्टी न्हाई.

पुंजाजी : आबा, दिवस बदलले. नरसिंग पाटलाची म्हैस अडली होती, आठवतं? कोपरापर्यंत हात घालून म्या रेडकू काढलं. तवा नरसिंगच म्हणाला, पुंजाजी, लेका, गाडी घे, लवकर येत जाशील.

जळबा : कुठं म्हणला?

पुंजाजी : कुठं म्हणजे? त्यायच्या गोठ्यात.

जळबा : गोठ्यात म्हणला. म्हैस मरायला टेकली व्हती तवा म्हणला. पारावर म्हणंल का? त्याचे वडील, थोरले पाटील शेजारी बसलेले असताना म्हणंल का? गोठ्यातलं बोलणं गोठ्यातच ऱ्हातं, पोरा.

पुंजाजी : मग ऱ्हाऊ द्या. ढकलायचीच असंल तर मला गाडी नको. म्या आजवर पायी फिरलो, पुढं बी फिरीन.

महेबूब : अरे अरे! सौदा काहून मोडता? तुमच्या वेशीपायी माझ्या पोटावर पाय?

जळबा : हे बघ पुंजा, तू दिवसभर दहा गावं फिरशील. आमी म्हातारा-म्हातारी तिथंच ऱ्हातो. तुझी आई त्यायच्याच रानात हळद काढाया जाती. उद्या तिला कोणी बांधावरून हाकललं तर तुझी गाडी काय कामाची?

पुंजाजी : अन् तुमी आयुष्यभर उतरत आलात, त्यानं काय मिळालं? सांगा की. एकदा तरी बसून जाऊन बघितलं का तुमी?

जळबा : बघितलं.

पुंजाजी : काय?

जळबा : बघितलं म्हणलो ना. एकदा. ह्याच्या अब्बाच्या सायकलीवर.

महेबूब : बसा मामा, ह्या टायरवर बसा. चहा सांगतो.

जळबा : चहा नको. नवी सायकल व्हती रे. इथून निघालो ते घंटी वाजवीतच. रस्त्यात कुत्रं दिसलं तरी घंटी, झाड दिसलं तरी घंटी. येडाच झालो व्हतो. अन् त्या नादात वेस आली अन् गेली. खोटं सांगत न्हाई, मुजोरी केली न्हाई म्या. उतरायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई, एवढा खूश व्हतो.

पुंजाजी : मग?

जळबा : मंग थोरले पाटील ओट्यावरून उठले. मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. म्हणले, जळबा, तुला लई हौस आली ना, आता तिला खांद्यावर घे. मागं वेशीपर्यंत जा अन् तिथून तुझ्या घरापर्यंत ने. चाक भुईला लागता कामा न्हाई. घेतली खांद्यावर. ओट्यावरून, चावडीवरून, मारुतीच्या मागून. समदी लेकरं मागं, घंटी वाजवून राहिलेली. माझ्याच सायकलीची घंटी. तुझी आई दारात उभी व्हती. नववा महिना. म्या वर बघितलंच न्हाई तिच्याकडं.

पुंजाजी : तुमी तर म्हणायचे, पोती उचलून उचलून खांदा गेला.

जळबा : पोती बी उचललीच की.

महेबूब : अन् आमचे अब्बा बिचारे शेवटपर्यंत समजत राहिले, चैनीत खोट होती.

जळबा : त्यायला काय सांगू? चैन चांगलीच व्हती. त्यायनी पैसे समदे वापस दिले, एक शब्द बोलले न्हाईत. लई भला माणूस.

पुंजाजी : आबा, मला इतकी वर्षं काहून न्हाई सांगितलं?

जळबा : बाप सायकल खांद्यावर घेऊन गावभर फिरला, हे लेकराला सांगायचं असतं व्हय? तू शाळेत चालला व्हतास मान वर करून. म्हणलं, चालू दे.

महेबूब : मामा, एक बोलू? नाराज होऊ नका. आज गाडी ऱ्हाऊ द्या. बयाणा बी नको. घरी जा, मामीशी बोला.

जळबा : थांब. महेबूब, ही राजदूत उचलून दाखव.

महेबूब : क्या?

जळबा : उचल. खांद्यावर घे.

महेबूब : माझी कंबर मोडायची हाय का? लोखंड हाय सगळं.

जळबा : मंग पुंजा, तू धर तिकडून. म्या मागून. महेबूब, तू मधी. चला, जोर लावा! अजून! हां...

महेबूब : बस, बस, बस! बोट गेलं माझं! वीतभर वर आली, मामा. तिघं मिळून वीतभर.

पुंजाजी : आबा, काय चाललंय हे? खांद्याला झटका बसंल.

जळबा : खांद्यावर येत न्हाई, व्हय ना?

महेबूब : खांद्यावर? हत्ती आणा, मामा. माणसाच्या खांद्यावर ही गाडी येत न्हाई.

जळबा : मंग हीच दे.

पुंजाजी : तुमी तर सकाळपासून हलकी शोधून राहिले होते!

जळबा : ढकलायला हलकी म्हंजे उचलायला बी हलकी. एवढी गोष्ट टाळक्यात यायला दुपार झाली बघ. दे रे बाबा, किल्ली दे. पैसे पुंजाच्या खिशात हायत. अन् टाकी भर गच्च.

महेबूब : भरतो. मामा, वापस आणली तर ह्या वेळेला म्या घेईन हं. सांगून ठेवतो.

जळबा : न्हाई आणणार.

(शिरड शहापूरच्या सडकेवरून फुटलेली गावची वाट. ऊन कललेलं. गाडी चालू, जळबा मागच्या सीटवर.)

जळबा : पुंजा, आपला ओढा कुठं गेला रे?

पुंजाजी : मागं पडला कवाच, आबा.

जळबा : आयला! अन् म्या बघितला बी न्हाई! पायी येताना ओढ्यात बसून बिडी वढायची माझी जागा हाय ती. थांब म्हणावं तर गेला बी. धोतर धरावं म्हणलं तर हातच सुटंना. वारं किती लागतंय तोंडाला!

पुंजाजी : दोन्ही हातांनी धरा मला.

जळबा : धरलंय की. तुझी पाठ काहून भिजली रे? एवढं ऊन बी न्हाई.

पुंजाजी : आबा... वेस दिसून राहिली.

जळबा : मला बी डोळे हायत.

पुंजाजी : पारावर माणसं हायत. थोरले पाटील बसलेत. नरसिंग पण हाय.

जळबा : असणारच. त्यायची बसायची येळ हाय.

पुंजाजी : काय करू?

जळबा : आता मला इचारतो? दुकानात तर लई तोंड चालत व्हतं! नीट समोर बघ अन् चालव.

पुंजाजी : उतरायचं असंल तर आत्ताच सांगा. आईचं ते हळदीचं काम...

जळबा : तुझ्या आईला सकाळी इचारूनच निघालो म्या. म्हणली, त्या दिवशी मान खाली घालून आले, आज तरी वर बघून या. सकाळी म्या ऐकलं न्हाई, आता ऐकतो. चालव.

पुंजाजी : आबा, गिअर बदलतो. क्लच... अरे! अरे!

जळबा : काय झालं?

पुंजाजी : बंद पडली.

जळबा : कुठं, वेशीतच? वा रे पठ्ठ्या! चांगली जागा हुडकली!

पुंजाजी : माझ्याच हातून झालं. गाडीचं काय न्हाई. उतरून किक मारू का?

जळबा : उतरायचं न्हाई. बसल्या जागी मार.

पुंजाजी : किक बसंना. दोघांचं वजन हाय. पुन्हा मारतो... न्हाई बसत, आबा.

जळबा : मार. पाय टेक, पर सीटवरून उठू नको.

नरसिंग : कोण हाय रे? पुंजाजी? जळबा, तू मागं बसलास व्हय? काय झालं, बंद पडली का? मंग उतर की खाली.

जळबा : राम राम, नरसिंगराव. उतरत न्हाई.

नरसिंग : आं?

जळबा : उतरत न्हाई म्हणलो. खांदा धरलाय माझा. तुमी तरणीताठी माणसं हायत, जरा मागून ढकला की. बंद पडलेली गाडी ढकलली की चालू व्हती, मिस्त्री म्हणला.

पुंजाजी : आबा, काय बोलून राहिले?

नरसिंग : जळबा, पारावरून आमचे बापू बघून राहिलेत.

जळबा : बघू द्या की. त्यायनी माझी सायकल बी बघितली व्हती. इचारा त्यायला, याद असंल.

नरसिंग : तू येड्यासारखं करू नको. समदं गाव जमून राहिलं.

जळबा : जमू द्या. गोठ्यात तुमीच म्हणले ना पुंजाला, गाडी घे म्हणून? घेतली. आता इथं बी म्हणा.

पुंजाजी : आबा, बस झालं. म्या उतरतो, ढकलतो.

जळबा : तू हलू नको, पुंजा. आज हलायचं न्हाई.

नरसिंग : अन् न्हाई ढकलली तर?

जळबा : नसंल ढकलायची तर ऱ्हाऊ द्या. आमाला घाई न्हाई. बसतो इथंच. सीट मऊ हाय.

नरसिंग : पुंजाजी, गिअर कोणता टाकायचा असतो ढकलताना?

पुंजाजी : दुसरा. क्लच दाबून धरतो, गाडी पळाली की सोडतो.

नरसिंग : म्हैस परत गाभण हाय. उन्हाळ्यात ये बघायला.

पुंजाजी : येईन की.

नरसिंग : गाडीवर ये. गोठ्यात न्हाई म्हणत, इथं पारासमोर उभं ऱ्हाऊन म्हणतो. बापू, तुमी ऐकलं ना? ए वसराम, संतराम, दात काहून काढून राहिले? लावा की हात मागून! घट्ट बसा, जळबा बाबा. धरा नीट. एक, दोन, हां!

पुंजाजी : सोडतो क्लच... झाली! आबा, झाली चालू! आबा? ऐकू येतंय ना?

जळबा : येतंय.

पुंजाजी : रडून राहिले का तुमी?

जळबा : धूळ गेली डोळ्यात. समोर बघ.

पुंजाजी : घराकडं वळवू? आई वाट बघत असंल.

जळबा : आधी ओट्यावरून घे, मंग चावडीवरून, मारुतीच्या मागून. अन् हळू चालव रे, पुंजा. त्या दिवशी बी म्या ही वाट लई हळू चाललो व्हतो.