दोन फ्लोट बसवून हवेत

दार लावा आधी — हां, असं. वाऱ्याने सगळं कापड उडतं माझं, मशीनखाली गेलं की फाटतंच. आता बोला. काय, दोन फ्लोट बसवून हवेत? या बारला? बसवते की, त्यासाठीच तर दुकान उघडून बसलेय. फक्त हा बार तुमचा नाही. — अहो, चोरीचा म्हणत नाही मी, घाबरता काय असे! तुमचे बूट बघा, इस्त्रीचा शर्ट बघा. काइटवाला माणूस या दारातून येतो तो निम्मा किनारा घेऊन येतो, वाळू झाडता झाडता जीव जातो माझा. कुणासाठी तरी आणलाय तुम्ही. मित्रासाठी? बरं, मित्रासाठी. पण फ्लोट म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? मित्राने सांगितलं म्हणून आलात. वाटलंच.

बसा त्या स्टुलावर, सांगते. हा बार, म्हणजे दांडा, दोन हातांत धरायचा. याच्या दोऱ्या जातात वर काइटला — खोलीएवढा पतंग समजा, वारा भरला की पायाखालच्या फळीसकट माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना, दोरीत ओवलेल्या अशा फोमच्या नळ्या असतात, एक लाल, एक काळी — हे फ्लोट. दिसायला काय, लहान मुलांच्या खेळण्यासारखे. म्हणून तर शहाण्यांना लाज वाटते त्यांची. मध्ये येतात म्हणे. नवशिक्यांचं काम म्हणे. आता काइट हवेत आहे तोवर ते फारसं काही करत नाहीत, कबूल! काम पडतं ते काइट खाली आल्यावर. काइट पडला, दोऱ्या सैल झाल्या, हातातला दांडा सुटला — फ्लोट असले तर दांडा वर तरंगतो, दोऱ्या वरच राहतात, डोळ्यांना दिसतात, बाजूला करता येतात. नसले तर दांडा जातो खाली आणि सैल दोऱ्या त्याच्या मागोमाग. आणि खाली काय असतं? माणसाचे पाय. माणूस पाय मारतो, मारणारच, आणि स्वतःला गुंडाळून घेतो. मग वाऱ्याचा एक झोत, काइट पुन्हा उठला, की त्याच दोऱ्या करकचून ताणल्या जातात. पुढचं नाही सांगत, तुमचा चेहरा आत्ताच पांढराफटक पडलाय.

हळू बोला हं जरा. आत हे आहेत. झोपलेत कुठले, खिडकीशी बसलेत पाय उशीवर ठेवून, वारा बघत. दिवसभर तेच. यांनीच आपल्या बारचे फ्लोट कापून टाकले होते — मी काय नवशिका आहे, म्हणाले. दोऱ्यांत सापडला तो गुडघा आता वाकत नाही. मुलीने ओढत आणलं किनाऱ्यावर, नाहीतर कुठले गुडघे न् कुठलं काय. हो, मुलगी होती आम्हाला. होती काय — आहे! जिभेला हाड नाही माझ्या. बापाचं शेपूट होती नुसतं. बापाने फ्लोट काढले म्हणून हिनेही काढले. मला वाटलं, एवढं रामायण झालं, आता तरी बसवून घेईल. तर म्हणते कशी, बाबांचं नशीब खराब, फोमचा काय संबंध? बाप चुकला, एवढं काही तोंडातून निघेना तिच्या. माझीही तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, फ्लोट बसव, नाहीतर या घरात राहू नकोस. आणि माझंच बरोबर होतं! आजही म्हणते, तुमच्यासमोर म्हणते. ती उठली, बार उचलला आणि गेली. कपडे मागाहून मैत्रिणीला पाठवून नेले.

तेव्हापासून जोराचा वारा सुटला की मशीनवर हात चालत नाहीत माझे. कुणी दुरुस्तीला आलं की विचारते, आज पाण्यावर कोण कोण होतं, मुली होत्या का कुणी? लोकांना वाटतं बाई भोचक आहे. वाटू दे. — सारखं दाराच्या काचेतून बाहेर काय बघताय तुम्ही? गाडी भलतीकडे लावलीत का? नाही ना, मग बसा निवांत. आणि हे काय, दांड्याच्या मधोमध एवढी टेप कशाला गुंडाळलीय? पकड फाटली असणार. काढते ही, नीट शिवून देते. राहू द्या काय, राहू द्या! टेपने कुणाचं भलं झालंय? पाणी गेलं की सुटलीच म्हणून समजा, आणि नेमकी हातात —

ही शिलाई माझी आहे.

जांभळा दोरा. काळा संपला होता त्या दिवशी आणि हिला दम निघेना, वारा पडेल म्हणून दारात पाय आपटत होती. टेप तुम्ही लावलीत की तिने? तिनेच. मला कळू नये म्हणून. वेडी कुठली. मला माझाच टाका ओळखू येणार नाही होय?

फ्लोट बसवून मागतेय. तिने स्वतःहून सांगितलं? काय म्हणाली, नेमके शब्द सांगा — नको, नका सांगू, आत ऐकू जाईल. तुम्ही तिचे कोण? तेही राहू द्या, एकदम सगळं नको. पाण्यात काही झालं का? पायाला? नुसती मान हलवू नका, बोला — नीट उभी राहते ना? चालते? चालते. बरं. बरं.

अहो, काही नाही! गिऱ्हाईक आहे!

गाडीत बसलीय ना? म्हणून तुमची मान सारखी तिकडे. नाही, मी दाराशी येणार नाही. ऐका. फ्लोट तर चुटकीसरशी ओवून होतील, पण बार मी तुमच्या हातात देणार नाही. सांगा तिला, म्हातारी अडून बसलीय. ज्याचा बार त्याने स्वतः येऊन धरून बघायचा, असा या दुकानाचा नियम आहे. असला काही नियम नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी तसंच सांगा. आणि — नाही, दुसरं काही नको. आई रडत होती वगैरे तर मुळीच नको, आणि रडत नाहीये मी. फक्त नियम सांगा.

उठा आता. माझ्या तोंडाकडे काय बघत उभे राहिलात? जा. — अहो, दार! दार नका लावू. उडू दे कापड.