दोन अनधिकृत प्रवेश

मी, खाली सही करणारा, वय त्रेसष्ट वर्षे, वीज कामगार संघटनेचा माजी सरचिटणीस, सध्या निवृत्त, बोलावतील तिथे व्याख्यान देतो, राहणार जुन्या बाजारामागे, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

हा जबाब सुरक्षित वसाहतीत फाटकाआड राहणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी आहे. आपल्याच घरी येणाऱ्या आपल्याच माणसासाठी तुम्ही एका यंत्राची परवानगी मागता, आणि ते नाही म्हणालं तर मान खाली घालून परत फिरता. ही तक्रार तुमची आहे, माझी आहे, आणि लिहून घेणाऱ्या हवालदारांचीही आहे, कारण पोलीस लाईनीलाही गेल्या वर्षी हेच फाटक बसले. या ठिकाणी हवालदारांनी मला थांबवले. म्हणाले, "काका, भाषण नको, जबाब द्या." मी म्हणालो, माझ्याकडे दोन्हींना तोंड एकच आहे. सांगितले तसे लिहून घ्यावे असा मी आग्रह धरला म्हणून त्यांनी तसे लिहिले आहे. पोलीस लाईनीच्या फाटकाबद्दल ते स्वतः जे बोलले, ते लिहू नका म्हणाले, म्हणून लिहिलेले नाही.

माझी थोरली बहीण, वय एकाहत्तर वर्षे, हिने हयातभर पाळणाघर चालवले. ती सदर वसाहतीच्या पहिल्या इमारतीत सातव्या मजल्यावर एकटी राहत होती. मी तिला ताई म्हणत असे. दर शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे जेवायला जात असे.

वसाहतीच्या फाटकावर दिवसपाळीला जे पहारेकरी आहेत, त्यांना सगळे बॅटरीमामा म्हणतात, कारण भर दुपारीही त्यांच्या हातात बॅटरी असते. त्यांची माझी मैत्री नव्हती, हे मुद्दाम सांगतो. खुर्चीत डुलक्या घेतात म्हणून मी त्यांना दोनदा चारचौघांत बोललो होतो. तेही मला सोडत नसत. इतक्या वर्षांची तोंडओळख असूनही दर शुक्रवारी विचारत, "कोणाकडे?" मी म्हणे, तुमच्या सासऱ्यांकडे. ते म्हणत, "सासरे वारले माझे. त्यांच्याकडे जायचं तर जा, अडवत नाही." एवढे झाले की ते यंत्रापुढून बाजूला होत.

पूर्वी या फाटकाची किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेला असे. सरकारच्या सुरक्षा विभागाचा आदेश आला आणि लोखंडी जाळीचे फाटक जाऊन भिंतीएवढे सरकते पोलादी फाटक आले. शेजारी माणसांसाठी फिरता दरवाजा, एका वेळी एक माणूस. बाहेरून येणाऱ्याने यंत्रावर घराचा क्रमांक दाबायचा. त्या घराच्या नोंदवलेल्या फोनवर विचारणा जाते. घरमालकाने फोन चेहऱ्यासमोर धरून होकार द्यायचा. एका घराला एकच फोन, एकच चेहरा. आदेशात कारण दिले होते की माणूस चुकतो, माणूस विकला जातो, यंत्र तसे नसते. बॅटरीमामांकडची किल्ली काढून घेतली. गणवेश राहू दिला. तो फोटोत चांगला दिसतो.

मी यंत्राचा वैरी नाही. माझी उमेदीची सगळी वर्षे विजेच्या खांबांवर आणि रोहित्रांच्या खोल्यांत गेली. प्रत्येक यंत्राला आम्ही एक हाताने ओढायचा खटका ठेवत असू. का, तर यंत्र अडले की त्याच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी करता यावे. सरकारने या फाटकाला असा खटका ठेवला नाही, कारण तो कोणाच्या तरी हाती द्यावा लागला असता. हे फाटक चोरांसाठी नाही. चोर भिंतीवरून येतो. माणसाच्या हातात निर्णय राहू नये यासाठी हे फाटक आहे. हे माझे मत आहे, आणि मत म्हणूनच लिहावे.

काल शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास मी वसाहतीपाशी आलो. फाटकाबाहेर रुग्णवाहिका उभी होती. मागचे दार उघडे होते, स्ट्रेचर खाली काढलेले होते आणि त्यावर कोणी नव्हते. चालक यंत्रापुढे उभा होता. बॅटरीमामांनी मला पाहिले. त्या दिवशी त्यांनी "कोणाकडे" विचारले नाही. त्यावरून मला समजले की गाडी ताईसाठी आली आहे.

सातव्या मजल्यावरच ताईच्या समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. ताई ओट्यापाशी पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. दोघींकडे एकमेकींच्या घराची चावी असे. त्यांनी दार उघडले आणि रुग्णवाहिकेला फोन केला. ती लवकर आली. चालकाने नियमाप्रमाणे ताईच्या घराचा क्रमांक दाबला. विचारणा ताईच्या फोनवर गेली.

शिवणकाम करणाऱ्या बाई चालकाच्या फोनवर होत्या आणि त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. ताईचा फोन त्यांनी ताईच्या चेहऱ्यासमोर धरला होता. फोनच्या पडद्यावर अक्षरे आली, ती त्यांनी आम्हाला वाचून दाखवली. "कृपया डोळे उघडा आणि कॅमेऱ्याकडे पहा." झोपलेल्या माणसाचा चेहरा वापरून कोणी फसवू नये म्हणून ही सोय आहे, असे मला नंतर सांगण्यात आले. बाई म्हणत होत्या, "ताई, डोळे उघडा हो. एकदाच उघडा, मग मिटा." असे त्या बराच वेळ म्हणत होत्या. मग यंत्राची मुदत संपली आणि विचारणा नाकारली गेली.

तेव्हा मी चालकाला म्हणालो की शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घराचा क्रमांक दाबा, त्या तिथेच आहेत. ही सूचना माझी. त्याने तसे केले. पण त्या घराची नोंद त्यांच्या यजमानांच्या फोनवर आहे. यजमान कारखान्यात कामाला. तिथे सुरक्षेच्या कारणावरून कामगारांचे फोन सकाळी फाटकावर जमा करून घेतात. फोन एका कपाटात वाजला असेल. दुसरी विचारणाही नाकारली गेली. एका वाहनाच्या दोन विचारणा नाकारल्या गेल्या की ते वाहन संशयित ठरते, आणि अर्धा तास कोणाच्याही होकाराने त्याला आत घेता येत नाही, हे मला माहीत नव्हते. बॅटरीमामांनाही माहीत नव्हते. फाटकावर तांबडा दिवा लागला तेव्हा आम्हाला ते कळले.

पहिल्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक गडबड ऐकून अनवाणी खाली आले. आतून ओरडून म्हणाले, माझ्या घरी पाहुणे म्हणून घ्या, मी होकार देतो. त्यांनी आपला चेहरा दाखवला. यंत्राने त्यांना ओळखले, नावाने नमस्कार केला, आणि वाहन संशयित असल्याने विनंती मान्य करता येत नाही असे कळवले. फिरत्या दरवाजातून स्ट्रेचर जात नव्हते. तांबडा दिवा असेपर्यंत यंत्र माणसांसाठीही क्रमांक घेत नव्हते.

फाटकावर मदतीसाठी एक बटण आहे. ते दाबले की फाटक चालवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षाशी बोलता येते. हा कक्ष दुसऱ्या शहरात आहे. एका तरुण मुलीने उत्तर दिले. मी तिला सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "सर, तुमची अडचण मला समजते आहे." मी म्हणालो, मग फाटक उघडा. ती म्हणाली, "सर, मला इथून फाटक उघडायचा अधिकार नाही. मला फक्त बंद करता येतं." मी तिला विचारले, तुमच्या साहेबांना आहे का? ते जेवायला गेले होते. सुरक्षा विभागाला विचारा म्हणाली. सुरक्षा विभागाच्या क्रमांकावर ध्वनिफीत होती, ती कंपनीशी संपर्क साधा असे सांगत होती. मी पुन्हा त्या मुलीकडे आलो. तिची चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होते. तरीही मी तिला नागरिक म्हणजे काय, सरकार म्हणजे काय, लोकांच्या पैशाने उभी केलेली भिंत लोकांवरच कशी पडते, हे सुनावले. मी चांगले बोललो, असे मुख्याध्यापक नंतर म्हणाले.

मी बोलत असताना बॅटरीमामांनी बॅटरी खुर्चीवर ठेवली. चौकीतला आग विझवायचा लाल सिलिंडर उचलला आणि फाटकाच्या मोटारीच्या पेटीवर घातला. पेटी फुटेपर्यंत घातला. मग फाटकाला खांदा लावला. आतून मुख्याध्यापकांनी ओढले. फाटक सरकले आणि रुग्णवाहिका आत गेली. बॅटरीमामा तिथेच भिंतीला टेकून बसले. त्यांच्या हाताला लागले होते. मी गाडीमागे धावलो.

ताईला खाली आणले तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की पडल्याला किती वेळ झाला. मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतले. याबाबत वेगळी नोंद झाली आहे, म्हणून इथे जास्त सांगत नाही.

सायंकाळी वसाहतीतल्या सगळ्यांच्या फोनवर सुरक्षा विभागाचा रोजचा संदेश आला. "आज आपल्या वसाहतीत दोन अनधिकृत प्रवेश रोखण्यात आले. निश्चिंत राहा." ताईच्या फोनवरही आला. तो फोन माझ्या खिशात होता.

त्याच सायंकाळी सुरक्षा विभागाच्या तक्रारीवरून बॅटरीमामांना सरकारी मालमत्तेचे नुकसान आणि सुरक्षा यंत्रणेत अडथळा या आरोपांखाली पकडण्यात आले. हा जबाब देताना मला ते कोठडीत दिसत आहेत. हाताला फडके बांधलेले आहे. सकाळी त्यांची बायको डबा घेऊन आली होती. तिला बाहेरच्या बाकावर बसवले आहे. तिने मला विचारले की किती दिवस ठेवतील. मी आयुष्यभर हजारो माणसांपुढे बोललो आहे. तिच्याशेजारी बाकावर मी नुसता बसलो.

ठाण्याच्या साहेबांनी मला आत बोलावून चहा दिला. आपुलकीने बोलले. म्हणाले, "सर, तुमच्या घरात दुःख झालंय. एवढंच सांगा की तुम्ही त्याला तोडायला सांगितलं नव्हतं. तुम्ही मोकळे." त्यांना माझा त्रास वाचवायचा होता, हे मी मानतो. पण एकटा माणूस आपल्या डोक्याने वागला असे लिहिले की बाकीचे सगळे सुटतात. आदेश काढणारे सुटतात, कंपनी सुटते, जेवायला गेलेले साहेब सुटतात आणि मीही सुटतो. म्हणून नीट लिहून घ्यावे. मी त्यांना फाटक तोडायला सांगितले नव्हते. सांगायला हवे होते. माझी बहीण वर होती आणि मी फोनवर वाद घालत होतो. त्या फाटकापाशी आम्ही जेवढे उभे होतो, त्यांच्यात आपले काम केले ते एकट्या बॅटरीमामांनी. पहारेकऱ्याचे काम आतल्या माणसांना जपण्याचे असते. मालमत्तेचे नुकसान कोणी केले असेल तर ज्यांनी किल्ली काढून घेतली त्यांनी. त्यांचीही चौकशी व्हावी अशी माझी मागणी आहे. साहेब म्हणाले की ते आमच्या अखत्यारीत येत नाही. कोणाच्या अखत्यारीत येते, असे मी विचारले. त्यांनी आणखी एक चहा मागवला, तेवढे लिहिले आहे.

वरील जबाब हवालदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. मत कुठे आणि घटना कुठे हे मला कळते, आणि दोन्हींखाली मी शुद्धीवर सही करतो. सहीच्या वर एक मजकूर मी वाढवून घेतला आहे आणि या जबाबाची प्रत आज वसाहतीच्या जिन्यात लावणार आहे. तो मजकूर असा:

उद्या सकाळी दहाला पोलीस फाटकाचा पंचनामा करायला येतील. फाटक चांगले चालत होते आणि ते हेतुपुरस्सर तोडले, असे त्यात लिहिलेले असेल. त्याखाली वसाहतीतल्या दोन माणसांच्या पंच म्हणून सह्या लागतील. त्या दोन सह्यांवर बॅटरीमामांचा खटला उभा राहणार आहे. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी म्हातारे आहे, कोणीतरी आजारी आहे. दार वाजेल, कागद पुढे येईल, पेनही ते देतील. सही करू नका.